शेडमध्ये स्पोर्ट्स कार बनवता येते, पण धंदा नेमका कशात आहे?

"सर, वेल्डिंग येतं, गॅरेजचं काम येतं, स्वतःची स्पोर्ट्स कार बनवून विकायचीय. जमेल का?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये अधूनमधून येतो. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो. हातात कला असते, मोबाइलमध्ये परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ असतात आणि घरचे म्हणत असतात, "वेड लागलंय याला."

मी त्याला वेडा म्हणणार नाही, आणि "कर बिनधास्त" असंही म्हणणार नाही. व्हिडिओत हा विषय थोडक्यात झाला, इथे सविस्तर बघू. गाडी कशी बनते, ट्रॅकवर काय लागतं, कायदा काय म्हणतो आणि पैसा कुठे अडकतो, हे चार मुद्दे समजले की निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

किट कार म्हणजे काय?

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकली जाणारी गाडी. कंपनी सांगाडा, बॉडी आणि काही खास भाग देते. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं आणि जोडणी गिऱ्हाइकाने स्वतः करायची.

यातली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन या इंग्लिश इंजिनिअरने ती १९५७ मध्ये आणली. दोन सीट, दार नाही, छप्पर नावापुरतं, वजन जेमतेम पाचशे किलोच्या आसपास. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागत नव्हता. म्हणून लोकांनी किट घेऊन घरी गाडी जोडायला सुरुवात केली. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि किटची ती सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅमला दिले, आणि केटरहॅम ती गाडी आजही बनवते.

उद्योजक म्हणून यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, चॅपमनचा माल चांगला होताच, पण किटच्या विक्रीला टॅक्सच्या नियमाने हात दिला. दुसरी, जोडणीची मजुरी गिऱ्हाइकाने स्वतःच्या अंगावर घेतली, तीही आनंदाने. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत का, हे आधी तपासायचं.

पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्लिश शिक्षकाने अगदी कमी खर्चात अशी गाडी कशी बनवायची यावर पुस्तक लिहिलं. एक इंची चौकोनी पाइप, एक जुनी गाडी आणि भरपूर चिकाटी, एवढ्यावर जगभर लोकांनी घरी गाड्या बनवल्या. त्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात.

हलकी गाडीच का?

साधा हिशोब बघा. ६०० किलोच्या गाडीला ६० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं, तर प्रत्येक १० किलोला एक हॉर्सपॉवर मिळते. १,२०० किलोच्या गाडीत तेवढाच दम हवा असेल तर १२० हॉर्सपॉवरचं इंजिन लागेल. मग त्याला मोठा गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, जाड शाफ्ट, म्हणजे पुन्हा वजन आणि पुन्हा खर्च.

ब्रेकचंही तसंच. वेग तोच असेल आणि वजन निम्मं असेल, तर थांबताना ब्रेकला पचवायची ऊर्जाही निम्मीच. ट्रॅकवर दर वळणाला कडक ब्रेक मारावा लागतो. जड गाडीचे ब्रेक तापून पॅडल मऊ पडायला लागतं, हलक्या गाडीत ते उशिरा होतं. टायरही जास्त टिकतात.

म्हणून छोट्या कारखानदाराला हलकी गाडी परवडते. साध्या हॅचबॅकचं इंजिन घेऊनही मजा येते. पण एक लक्षात ठेवा, हलकं म्हणजे कमकुवत नव्हे.

गाडी बनते कशी?

सांगाडा: चौकोनी किंवा गोल स्टील पाइपची चौकट, जिला स्पेस फ्रेम म्हणतात. खरी ताकद त्रिकोणात असते. चौकोन दाबला की तिरका होतो, त्याला कर्ण टाकला की हलत नाही. मंडपवाला बांबू तिरका का बांधतो? तेच तत्त्व.

जिग: सांगाडा जमिनीवर ठेवून अंदाजाने वेल्डिंग करायचं नसतं. सपाट टेबलावर पाइप पकडून ठेवणारी पक्की चौकट म्हणजे जिग. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, म्हणून आधी सगळीकडे टाके मारायचे, मग आलटूनपालटून पूर्ण वेल्ड. जिगमध्ये घातलेला पैसा दुसऱ्या, तिसऱ्या नगाला वसूल होतो.

डोनर गाडी: इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, स्टिअरिंग एकाच जुन्या गाडीतून घ्यायचं. भंगार बाजारातून वेगवेगळे भाग गोळा केले की स्वस्त वाटतं, पण एकमेकांना बसत नाहीत आणि लेथवाल्याचं बिल वाढतं. जुन्या गाडीची कागदपत्रं पूर्ण घ्या. चेसिस नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर अडकाल तुम्ही.

सस्पेन्शन: गाडी वळणावर कशी वागते हे इथे ठरतं. एकच भाग फार काळजीने बनवायचा असेल तर तो हा. डाव्या-उजव्या बाजूच्या मापात चार-पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी ब्रेक मारताना गाडी ओढू शकते.

बॉडी: फायबरची. आधी साचा, मग जेलकोट, मॅट आणि रेझिन. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेत रेझिन लवकर घट्ट होतं. भर दुपारी मिसळलं तर हातातल्या डब्यातच जमेल. फायबरचं काम सकाळी लवकर करा, थोडं थोडं मिसळा, मास्क आणि हातमोजे घाला.

सुरक्षा: रोल बार, चार किंवा पाच पट्ट्यांचा सीटबेल्ट, अग्निशामक, पेट्रोलच्या टाकीची सुरक्षित जागा, बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच. यात काटकसर करायची नाही. गाडी उलटली तर आत बसलेला माणूस वाचतो तो तुमच्या वेल्डिंगमुळे. हे ज्याला ओझं वाटतं त्याने या कामात पडूच नये.

आपल्या मुलखात कोणी केलंय?

केलंय, आणि बरंच आधीपासून.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं काम ते सत्तरच्या दशकापर्यंत सुधारत राहिले. गाडी चालायची, लोकांनी कौतुक केलं, पण कारखान्यातून मोठ्या संख्येने ती कधी बाहेर पडली नाही. तो परवाना राजचा काळ होता आणि सरकारी मंजुरीशिवाय उत्पादन अशक्य होतं.

गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' आली. दोन सीटची, उघड्या छपराची, फायबर बॉडीची आणि रेनॉच्या १,१४९ सीसी इंजिनाची. दिसायला देखणी, पण खप मोजकाच राहिला.

आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतलं आहे, 'चिंकारा मोटर्स'. गीडो बोथे आणि शमा बोथे यांनी उभी केलेली ही छोटी कंपनी. त्यांची 'रोडस्टर १.८ एस' सरळ सरळ लोटस सेव्हनच्या घराण्यातली आहे. फायबर बॉडी, आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटर, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसा आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये यायचं ते. बघा, विचार किती व्यवहारी आहे: ज्या इंजिनाचे पार्ट देशात मिळतात आणि मेकॅनिकला ज्याची सवय आहे, तेच घेतलं. आणखी एक गोष्ट, ही कंपनी एकट्या रोडस्टरवर बसून राहिली नाही. फायबरचं कौशल्य बोटींसाठी वापरलं, वेगळ्या धाटणीच्या गाड्याही बनवल्या. समुद्राकाठी बोटीला गिऱ्हाईक असतं. हीच धंद्याची नजर.

आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. भंगारातले भाग वापरून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, खर्च साधारण ६० हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. पण महिंद्रांनी त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. बोलेरो सगळ्यांच्या लक्षात राहिली, हे वाक्य मात्र फार कमी जणांच्या.

कायद्याची भिंत

आता नीट वाचा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

एक: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही.

दोन: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२६. गाडी बनवून विकायची असेल तर तिच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी व्हावी लागते. अशा दोन संस्था महाराष्ट्रातच आहेत, पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ब्रेक, दिवे, धूर, सुरक्षा अशी एकामागून एक तपासणी असते. वर्षाला हजारो गाड्या विकणाऱ्याला हा खर्च वाटून घेता येतो. वर्षाला तीन गाड्या बनवणाऱ्याने तो कोणाच्या माथी मारायचा?

तीन: कलम ५२. "मग जुन्या गाडीचंच आरसी बुक वापरून वरून नवी बॉडी चढवली तर?" नाही चालणार. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलंय.

चार: कलम १८९. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. होटगी रोड पहाटे मोकळा असतो हे मला माहीत आहे, पण तो ट्रॅक नाही. त्या वेळी दूधवाला, शेतावर निघालेली बाई आणि क्लासला जाणारं पोरगं त्याच रस्त्यावर असतं.

याचा सरळ अर्थ असा की छोट्या शेडमधून बनवलेली गाडी आपल्याकडे फक्त खाजगी जागेत आणि रेस ट्रॅकवर चालवण्यासाठीच विकता येते. ट्रॅकवर ट्रेलर किंवा टेम्पोवर चढवून न्यायची. बिलावर आणि करारावर "रस्त्यावर वापरासाठी नाही" असं स्पष्ट लिहायचं आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. "नंबर मिळून जाईल, बघू" असं गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका.

ट्रॅकवर नेणं आणि गाडी सांभाळणं

मोठे ट्रॅक आपल्यापासून लांब आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. सोलापूरहून कोईम्बतूर म्हणजे एका बाजूचा जवळजवळ हजार किलोमीटरचा प्रवास. ट्रॅकची फी, ट्रेलरचं भाडं, दोन माणसांचं राहणं-खाणं, टायर, ब्रेक पॅड, पेट्रोल हे सगळं जोडा. गाडीची किंमत एकदा द्यावी लागते, हा खर्च दर वेळी. म्हणून गिऱ्हाईक "गाडी केवढ्याला?" विचारतं, तेव्हा तुम्ही "वर्षाला किती वेळा चालवणार?" हे विचारा.

ट्रॅकवर उतरण्याआधी आणि उतरल्यावर प्रत्येक नट-बोल्ट तपासावा लागतो. चांगला मेकॅनिक घट्ट केलेल्या नटावर रंगाची रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लगेच कळतं. ब्रेक ऑइल तापून खराब होतं, ते नियमित बदलायचं. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, म्हणून गाडी आत आल्याबरोबर दाब मोजून वहीत लिहायचा. आणि इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

वहीतला हिशोब

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या भागातले दर टाकून स्वतःचा तक्ता बनवा.

समजा, पहिल्या गाडीचा खर्च असा:
- डोनर गाडी: ६०,०००
- पाइप आणि पत्रा: १०,०००
- साचा आणि फायबर बॉडी: ७५,०००
- सस्पेन्शन आणि लेथकाम: ६०,०००
- टायर, चाकं, ब्रेक: ६०,०००
- रोल बार, सीट, बेल्ट, अग्निशामक: ६०,०००
- वायरिंग, रेडिएटर, रंग: ३५,०००

एकूण सामान ३,६०,०००. गाडी पाच लाखाला विकली तर पोरगा म्हणतो, "१ लाख ४० हजार सुटले!"

थांबा. तुमचे ६०० तास गेले. तासाला १५० रुपये धरले तरी मजुरी ९०,०००. आठ महिन्यांचं शेडचं भाडं, महिना ५,००० प्रमाणे ४०,०००. पैसा हळूहळू लागत गेला, म्हणून सरासरी निम्मी रक्कम आठ महिने अडकली असं धरू. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज १४,४००. एकूण झाले ५,०४,४००. म्हणजे पहिल्या गाडीत ४,४०० रुपयांचा तोटा, आणि अजून चाचणी, दुरुस्ती, वीजबिल धरलेलंच नाही.

आता दुसरी गाडी. साचा तयार आहे, म्हणून सामानातले समजा ४५,००० वाचले, उरले ३,१५,०००. जिग तयार आहे, म्हणून ३५० तास लागले, मजुरी ५२,५००. पाच महिन्यांचं भाडं २५,०००, व्याज साधारण ७,९००. एकूण जवळपास ४ लाख. पाच लाखाला विकली तर लाखभर सुटले.

कळलं ना? नफा दुसऱ्या नगापासून सुरू होतो. म्हणून खरा प्रश्न हा की दुसरं गिऱ्हाईक आहे का? फक्त ट्रॅकवर चालणारी गाडी घेणारे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नईकडे.

मग धंदा कुठे आहे?

कोईम्बतूरकडे बघा. तेही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव. तिथल्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चं इंजिन वापरून एका सीटची स्वस्त रेसिंग गाडी बनवली, 'फॉर्म्युला मारुती'. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला नरेन कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीत शिकला. तिथे आधी एकसारख्या गाड्यांची शर्यत उभी राहिली. त्यामुळे गाड्या बनवणाऱ्याला, पार्ट करणाऱ्याला, मेकॅनिकला वर्षभर काम मिळालं. एकट्या गाडीने हे झालं नसतं.

आपल्याकडे आज काम कुठे मिळू शकतं ते सांगतो.

१. कॉलेजचे संघ. बाहा एसएईइंडिया, सुप्रा एसएईइंडिया, फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी दरवर्षी इंजिनिअरिंगची मुलं गाड्या बनवतात. बरेच संघ चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन वापरतात. डिझाइन मुलांचं असतं, पण पाइप वाकवणं, नॉचिंग, जिग आणि पक्कं वेल्डिंग यासाठी त्यांना माणूस लागतो. सोलापूर-पंढरपूरच्या कॉलेजांच्या मेकॅनिकल विभागात जाऊन भेटा. काम हंगामी असतं, अ‍ॅडव्हान्स घेऊनच करा.

२. गो-कार्ट. कोल्हापूरसारख्या ठिकाणी कार्टिंगचे ट्रॅक आहेत, रिसॉर्टवाल्यांनाही कार्ट लागतात. सांगाड्याची दुरुस्ती, बंपर, सीट हे वर्षभराचं काम.

३. फायबरचं काम. ज्या हाताला गाडीचा बोनेट बनवता येतो त्याला कूलरचा टप, टेम्पोचा टप, दुकानाचा बोर्ड, बागेतली घसरगुंडी सगळं बनवता येतं.

४. ट्रेलर आणि खास फॅब्रिकेशन. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत जिग-फिक्स्चरची गरज आहेच. होटगीच्या आसपास सिमेंटचा कारखाना आहे, फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे. अशा ठिकाणी ठेकेदारांना नेटक्या वेल्डिंगवाल्याची किंमत कळते.

तुम्ही बनवलेली एक सुंदर हलकी गाडी या सगळ्या कामांची जाहिरात ठरते. शेडच्या दारात उभी असलेली ती गाडी बघून गिऱ्हाईक म्हणतं, "ज्याला हे जमतं, त्याला माझा ट्रेलर नक्की जमेल."

पैसे घालण्याआधी तीन अटी

पहिली: शेत, घर किंवा आईचे दागिने गहाण टाकून पहिली गाडी बनवायची नाही. पहिली गाडी ही शिक्षणाची फी आहे, ती कमाईतून भरायची.

दुसरी: कर्ज घ्यायचं असेल तर ते मशीनसाठी घ्या, स्वप्नातल्या गाडीसाठी नको. वेल्डिंग मशीन, पाइप बेंडर, कॉम्प्रेसर उद्या कोणतंही काम करतात. उद्यम नोंदणी मोफत होते, ती आधी करा. पीएमईजीपी योजनेत उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान गटानुसार १५ ते ३५ टक्के. सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन माहिती घ्या. प्रकल्प अहवालात "फॅब्रिकेशन आणि फायबर वर्क्स" लिहिलं की बँकेलाही ते समजतं.

तिसरी: अनामत हातात आल्याशिवाय दुसरी गाडी सुरू करायची नाही. कौतुक करणारे शंभर भेटतील, टोकन देणारा एक शोधा.

आजचा गृहपाठ. वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्या हातातली कौशल्यं लिहा. उजवीकडे, त्या प्रत्येक कौशल्यासाठी गेल्या सहा महिन्यांत तुमच्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात कोणी खरे पैसे मोजले ते लिहा. उजवी बाजू भरली असेल तर शेड सुरू करा, आणि रविवारचा दिवस त्या गाडीसाठी राखून ठेवा. उजवी बाजू रिकामी असेल तर गाडीचा पहिला पाइप कापण्याआधी ती भरायच्या मागे लागा.

काम करत राहा, हिशोब लिहीत राहा. भेटू पुढच्या भागात!